जामीनदार जावई

शनिवारी संध्याकाळी फ्रँकफर्टमध्ये, माइन नदीच्या काठावर, बाटल्या वेचणाऱ्या एका माणसाने मला सासऱ्यांना नीट सांभाळण्याबद्दल चार शब्द सुनावले. त्यामुळे अन्न गोड लागत नाही असं नाही, लागतं. पण जेवताना समोर सासरे असतात, त्यामुळे तो माणूस आठवतोच.

सासू-सासरे व्हिसाचे ९० दिवस पुरेपूर वसूल करायला आलेत. अप्पा ऑडिटमधून निवृत्त झाले, म्हणजे पगार थांबला, ऑडिट चालूच आहे. आल्या आल्या त्यांना शोध लागला, की इथे पाण्याची प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये घातली की २५ सेंट परत मिळतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास असल्यामुळे हिशेबाला कागदही लागत नाही. “पंचवीस रुपये! आणि लोक ही टाकून जातात?” हे त्यांनी अशा आवाजात विचारलं, की मलाच मेमो मिळाल्यासारखं वाटलं.

पहिल्या खेपेला त्यांनी सगळ्या बाटल्या पायाखाली घेऊन चपट्या केल्या. आपल्याकडे बाटलीवर तशी सूचनाच छापलेली असते ना! मशीनला त्यावरची खूण वाचता येईना, तिने एकेक बाटली बाहेर ढकलली. मागे रांग तुंबलेली, आणि अप्पा मशीनला मराठीत समजावतायत की बाटली तीच आहे, फक्त आकार बदललाय. ते दुःख वेगळं.

तर शनिवारी. इथली रीत अशी, की रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता पेटीच्या बाजूला ठेवायची. कुणा गरजूला पेटीत हात घालावा लागू नये म्हणून. आयझर्नर श्टेग या पादचारी पुलाच्या पुढे अशाच दोन बाटल्या उभ्या होत्या. मी “अप्पा, नको” म्हणेपर्यंत त्या पिशवीत गेल्या. तेवढ्यात एक सायकल आली. मागे छोटी गाडी जोडलेली, वर लोकरीची टोपी घातलेला साठीचा गृहस्थ.

“यांना सांग,” तो मला जर्मनमध्ये म्हणाला, “शनिवारी या पुलापासून त्या पुलापर्यंतचा पट्टा माझा आहे.”

मी सांगितलं.

“असं? मग सातबारा दाखवा म्हणावं.”

मी भाषांतर केलं, “ते दिलगिरी व्यक्त करतायत.” पण कमरेवर हात ठेवून कुणी दिलगिरी व्यक्त करत नाही हे जर्मन माणसालाही कळतं. त्याने अप्पांकडे नीट पाहिलं. स्वेटर, त्यावर मफलर, पायात सॅंडल आणि मोजे. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर नेमका नवा कोट होता.

“वडील?”

“सासरे.”

“तुझ्याकडे राहतात?”

“हो.”

“नोकरी आहे ना तुला?”

“आहे.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग गाडीतून स्वतःच्या तीन बाटल्या काढून त्याने अप्पांच्या पिशवीत घातल्या आणि मला म्हणाला, “म्हाताऱ्या माणसाला मदत मागायची लाज वाटते. आपण ओळखायचं असतं.” शिवाय अडलेल्यांना सल्ला देणारी एक कचेरी कुठे आहे, सोमवारी किती वाजता उघडते, तेही सांगितलं. अप्पांनी खिशातून चिक्की काढून त्याच्या हातावर ठेवली. दोघांनी हस्तांदोलन केलं. “सज्जन आहे हो जावईबापू,” अप्पा म्हणाले, “तुम्ही उगीच मध्ये बोलत होतात.”

आता मी काय करून बसलोय ते ऐका. या दोघांना बोलावण्यासाठी मी पगाराच्या पावत्या घेऊन सरकारी कचेरीत गेलो, २९ युरो भरले आणि हमीपत्रावर सही केली. राहणं, जेवण, आजारपण सगळं माझ्याकडे. इतकंच काय, यांना देशाबाहेर काढायची वेळ आली तर त्याचाही खर्च माझ्याकडे! वर किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, दोघांचा. रजा म्हणाल तर ती स्वित्झर्लंड आणि पॅरिसमध्ये संपली, आणि तिथे अप्पांनी वर मान करून आयफेल टॉवर पाहिला तो एकदाच. बाकी वेळ नजर बाकांखाली. हे कुणाला दिसत नाही. दिसतो तो घरच्या ग्रुपवर त्यांनी टाकलेला फोटो. हातात मशीनची पावती, खाली ओळ: “परदेशातील स्वकमाई.”

त्यावर साठ अंगठे आले. माझ्या आत्याने तर खास फोन केला. “अरे, तिकडे ओढाताण होत असेल तर सांग. व्याह्यांना बाटल्या गोळा करायला लावणं बरं दिसत नाही.” मी म्हटलं, मी लावत नाही, ते करतात. “हो, तेही तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात,” आत्या म्हणाली. हे “तेही” मला फार लागलं.

बायकोकडे तक्रार केली तर ती म्हणते, त्यांचा वेळ जातो ना, जाऊ दे. वेळ त्यांचा जातो, अब्रू माझी. आणि रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारचा सगळा माल सोमवारपर्यंत आमच्या बाल्कनीत. शेजारीण तिकडे बघून आता मला जरा जास्तच हळुवारपणे ‘हॅलो’ म्हणते.

काल मेहुण्याचा निरोप आला. त्याला डिसेंबरमध्ये यायचंय. थंडीतही बाटल्या मिळतात का, विचारलंय, आणि तेवढं हमीपत्र वेळेत पाठवा म्हणालाय.