कूलर कोणाचा?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या घराचा इसार झाला त्याच रात्री मी पेढे वाटले. तिथेच चुकलं. पेढे रजिस्ट्रीनंतर वाटायचे असतात. इसारानंतर फक्त झेरॉक्स काढायच्या असतात.

घरमालक काकांचं वय 71, आवाज पंचविशीतला. म्हणाले, "इसार रोकच द्या नं भाऊ. मी काय पळून चाललो?" घराच्या इसारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसतो, आणि तो घेणाऱ्याला बसतो, हे कळल्यावर चेक लिहायला काकांनी स्वतःचा पेन दिला.

मग वकीलसाहेबांनी घराच्या 30 वर्षांच्या नोंदींचा सर्च काढायला घेतला आणि माझ्या नावासकट पेपरात जाहीर सूचना दिली : सदर मालमत्तेवर कोणाचा हक्क, गहाण, बोजा असल्यास 15 दिवसांत कळवावे. हक्क सांगायला कोणी आलं नाही. मावशीचा फोन मात्र आला. "काऊन रे, घर घेतलं आन् सांगतलं नाही?" मग आत्याचा. मग ज्याच्याकडून 2019 मध्ये मी 15 हजार हातउसने घेतले होते, त्या मित्राचा. हरकत म्हणावी अशी तेवढी एकच निघाली.

खरी गंमत आरएलची. नागपुरात घर घेताना माणूस वास्तुशास्त्र नंतर बघतो, आधी विचारतो, "आरएल हाय का?" म्हणजे अनधिकृत लेआऊटमधला प्लॉट गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्याचं सुधार प्रन्यासचं पत्र. 572 आणि 1900 हे अशा लेआऊटांच्या दोन याद्यांचे आकडे इथल्या माणसाला पाढ्यासारखे पाठ असतात. आमचा प्लॉट 1900 मधला. काकांनी आरएल फ्रेम करून देवघरात गणपतीशेजारी टांगला होता. रोज उदबत्ती. बँकेच्या वकिलाने ती फ्रेम हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाले, "कागदाची मागची बाजू पाहावी लागेल." मागे पुठ्ठा फेव्हिकॉलने पक्का! बायकोच्या हेअर ड्रायरने अर्धा तास गरम हवा देऊन तो सोडवला. मागची बाजू कोरी निघाली. बँकेचं समाधान झालं.

किंमत 52 लाख. 50 लाखांपासून वर 1 टक्का टीडीएस घेणाऱ्यानेच कापून सरकारात भरायचा असतो. काकांचे 52 हजार कापले. तिकडे बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट, म्हणून घर बायकोच्या नावावर. आमचे 52 हजार वाचले. दोन्ही आकडे सारखेच कसे, या विचाराने काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

या सगळ्यात एप्रिलची रजिस्ट्री मे महिन्यात गेली. आदल्या दिवशी घर शेवटचं पाहून घ्यावं म्हणून गेलो, तर हॉलच्या खिडकीत चौकोनी भगदाड आणि त्यातून 45 डिग्रीची झळ. लोखंडी कूलर उतरवून अंगणात ठेवलेला. इसारपत्र काढलं. त्यात चतुःसीमा होती, बोअर होती, पाच पंखे होते, तुळशीवृंदावनसुद्धा होतं. कूलर नव्हता.

"कूलर घराचा नसते भाऊ," काका म्हणाले, "माणसाचा असते."

मी कायद्याचा मुद्दा आठवत उभा राहिलो. होणारी मालकीण शांतपणे म्हणाली, "राहू द्या काका. रजिस्ट्री पावसाळ्यात करू."

दुसऱ्या दिवशी फोटो झाले, अंगठे झाले, 30 हजार नोंदणी फी भरली. संध्याकाळी किल्ली घेऊन घरी पोचलो, तर कूलर पुन्हा खिडकीत! गवताच्या ताट्यासुद्धा नव्या. मला भरून आलं. बटण दाबलं. पंखा फिरला, पण पाणी वर चढेना, ताट्या कोरड्याच. वाकून टाकीत पाहिलं.

काकांना फोन लावला.

"कूलर तुमचाच हाय भाऊ," ते म्हणाले. "टिल्लू पंप माया."

घराच्या पहिल्या रात्री बायको कूलरसमोर झोपली होती आणि मी बाहेर स्टुलावर उभा राहून मग्याने ताट्यांवर पाणी ओतत होतो.