चावडीवरचा दगड खोटा नाही

'महायुद्धातले गावोगावचे वीर ही थाप आहे' असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे असे: चावडीवरच्या दगडांवर नावंच नाहीत, म्हणजे कोणी गेलंच नव्हतं; गेले ते हमाल म्हणून; आणि लढले असतील तरी इंग्रजांचे भाडोत्री, त्यांनी पेन्शनवर मजा मारली, त्यांची आठवण कशाला? दगड काढून टाका, असं शेवटी आवाहन. माझे मामा 71 च्या लढाईत होते. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले, ते परत आलेच नाहीत. मामांनी मेसेज मला पाठवून एवढंच विचारलं, "ह्यात काही खरं आहे का रे?" म्हणून हे लिहितोय.

आधी नावांचं. दगडावर नावं नाहीत, हे बरोबर. 'या गावातून इतके लोक 1914-1919 च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले', एवढाच इंग्रजी मजकूर असलेल्या संगमरवरी पाट्या सरकारने तेव्हा गावोगावी बसवल्या. मजकूर ठरलेला, फक्त गाव आणि आकडा बदलायचा. नावं कोरली नाहीत ती कोरणाऱ्यांनी. त्यावरून माणसंच नव्हती असं म्हणायला जीभ रेटते कशी?

इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावरही तेच झालं. तिथे चाळीस हजारांहून अधिक मृतांची स्मृती आहे. हिंदी पलटणींच्या फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि पुढे 'आणखी अमुक इतके हिंदी शिपाई'. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानेच 2021 मध्ये अहवाल काढून कबुली दिली: किमान 1,16,000 मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंद झाली नाही किंवा स्मारकच झालं नाही. त्यात बहुतेक पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तचे. शिवाय 45 ते 54 हजार जणांची स्मृती इतरांच्या बरोबरीने राखली नाही, त्यात आपले लोक. आयोगाने माफीही मागितली. ज्या अन्यायाची त्यांना लाज वाटली, तोच हा मेसेज पुरावा म्हणून मिरवतोय.

हमाल म्हणून गेले? हमाल, खेचरवाले, पखालवालेही गेले आणि मेले, त्यात कमीपणा कसला? पण 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी पुणे डिव्हिजनमधून इराकमधल्या कुतला तुर्कांशी लढल्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 वेढ्यात होत्या, अन्न संपेपर्यंत. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात कितीतरी वाटेतच गेले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत रायगडचे नाईक यशवंत घाडगे यांची अख्खी तुकडी 10 जुलै 1944 ला गारद झाली, तेव्हा ते एकटे मशिनगनवर चालून गेले. बाँब टाकला, गोळ्या झाडल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनाही 9 एप्रिल 1945 च्या इटलीतल्याच सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी तोच क्रॉस.

आता भाडोत्रीपणा. लढाई आपल्या स्वातंत्र्याची नव्हती, हे मान्य. भरतीसाठी दबाव होता, दुष्काळ आणि पगार हीही कारणं होती, तेही मान्य करावंच लागेल. पण लढाई कोणाची होती याचा जाब इंग्रजांना विचारा. पोटासाठी गेलेल्या कुणब्याला त्याच्याच गावात पुसून टाकण्याचा हक्क कोणी दिला? आणि 'पेन्शनवर मजा मारली' हे तर वाचवत नाही. दुसरं महायुद्ध संपताच हजारोंना पेन्शनशिवाय घरी पाठवलं होतं.

ज्यांना दगड खुपतोय त्यांनी एक काम करावं. आयोगाच्या ऑनलाइन नोंदीत पलटण घालून शोधा. कितीतरी शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला आहे. आपल्या गावची यादी काढा, घराघरांत विचारून तपासा, आणि ग्रामसभेत ठराव करून त्या दगडाशेजारी नावांचा फलक लावा. मामांच्या गावची यादी मी सुरू केली आहे.