पाच वर्षांत सॉफ्टनर गेला म्हणता, पण त्यातलं नेमकं काय गेलं?

काका, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेखाली दोन ओळी टाकून भागलं नसतं, म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी आधी गोषवारा. काकांचं घर अंजर्ल्याला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. बोअरच्या पाण्याला पाच वर्षांपूर्वी ऑटोमॅटिक सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, बसवला. यंदा गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढला, साबणाला फेस येईना, न्हाणीत तांबूस डाग पडले. डीलर येऊन सांगून गेला की मशीनचं आयुष्य संपलं, नवीन घ्या. आणि मी मागच्या लेखात लिहिलं होतं की रेझिन, म्हणजे सॉफ्टनरच्या टाकीतले दाणे, दहा ते पंधरा वर्षं चालतं. त्यावर मला कमिशन मिळतं असा चिमटा काढून काका म्हणतात:

"ही घाटावरची गणितं आहेत, माहितीपत्रकातून उचललेली. आमच्या खाऱ्या वाऱ्यात दाराची कडी टिकत नाही, तिथे तुमचं यंत्र पंधरा वर्षं काय टिकणार? मुळात कोकणात सव्वाशे इंच पाऊस, इथलं पाणी मऊच, सॉफ्टनर ही लोकांना गंडवायची वस्तू. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा दाखवणारा) लावून बघितला, आधी ९१०, नंतर ९००. म्हणजे पाच वर्षं पाणी होतं तसंच येत होतं. एक फायदा मात्र झाला, गणपतीपासून मिठाची पिशवी आणावी लागली नाही."

शेवटचं वाक्य तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत. सगळ्या प्रतिक्रियेत मला कामाचं वाटलं ते तेवढंच. सॉफ्टनर मीठ खाऊन जगतो. गणपतीपासून त्याने मीठ खाल्लं नसेल तर तो म्हातारा झालेला नाही, उपाशी आहे.

कसं ते हिशोबानेच बघू. टाकीच्या आत मोहरीपेक्षा बारीक, मधाच्या रंगाचे दाणे असतात, ते रेझिन. पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. दाणे भरले की मिठाचं पाणी फिरवायचं (यालाच रीजनरेशन म्हणतात), धरलेलं सगळं सुटून मोरीवाटे जातं आणि दाणे पुन्हा रिकामे होतात. तुमच्याकडे २५ लिटर रेझिन आहे असं धरू, घरगुती यंत्रात साधारण एवढंच असतं. एक लिटर रेझिन एका खेपेला ५० ग्रॅमच्या आसपास हार्डनेस (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप) धरतं, म्हणजे एकूण १,२५० ग्रॅम. पाण्याचा हार्डनेस लिटरला ४०० मिलिग्रॅम धरला तर सुमारे ३,१०० लिटर पाणी मऊ होईल. घरात पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला पावणेसातशे लिटर. साडेचार दिवसांत रेझिन भरलं. दर खेपेला साडेतीन-चार किलो मीठ, महिन्याला सहा-सात खेपा. पंचवीस किलोची पिशवी महिनाभर कशीबशी पुरायला हवी. तुमच्याकडे ती गणपतीपासून तशीच पडून आहे!

डीलरने मिठाच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसावं.

मीठ खाल्लं जात नाही याची आपल्याकडे दोन कारणं ठरलेली. पहिलं पावसाळ्यातलं. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की टाकीतल्या मिठाचा वरचा थर ओल धरून दगड होतो. खाली पोकळी, वर कवच. वरून बघणाऱ्याला टाकी भरलेली दिसते, पण पाण्याला मीठ लागतच नाही. झाडूच्या दांड्याने हळूच टोचून बघा. दांडा आधी अडला आणि मग एकदम खाली गेला तर कवचच होतं. ते फोडा, पण दांडा टाकीच्या तळावर आपटू नका.

दुसरं कारण जास्त भेटतं. टाकीच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे हेडमध्ये, इंजेक्टर नावाचा बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो. त्याच्या भोकातून पाणी जोरात जातं आणि त्या ओढीने मिठाचं पाणी आत खेचलं जातं. भोक एवढं बारीक की शिवायची सुई जेमतेम जाईल. आपल्या भागात उघडलेल्या हेडमध्ये हा तुकडा आणि त्यापुढची जाळी काळपट, बुळबुळीत गाळाने लिंपलेली निघते. बोटावर घेऊन चोळला की कळतं, चक्क मिठागरातला चिखल आहे. कारण आपण टाकतो ते खडेमीठ. स्वस्त आहे, बाजारात सहज मिळतं. ज्या मिठासाठी १९३० साली शिरोड्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्याच्याबद्दल मला आदरच आहे, आणि मासे खारवायला त्याच्यासारखं मीठ नाही. पण त्यात माती असते, शिवाय समुद्राचे मॅग्नेशियम-कॅल्शियमचे क्षारही असतात. म्हणजे जे धुऊन काढायचं तेच थोडंसं परत आत घालतो आपण. सॉफ्टनरला शुद्ध केलेलं मीठ किंवा गोळ्यांचं मीठ आणा. महाग पडतं, कबूल, पण तुम्हाला नव्या मशीनची जी किंमत सांगितली आहे त्यात किती वर्षांचं मीठ येईल ते तुम्हीच मोजा.

तेव्हा आधी हे करा. मिठाच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करा आणि हेडवरचं बटण दाबून हाताने रीजनरेशन सुरू करा. आधी बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं, होईल, मग मीठ ओढण्याची पाळी येईल. त्या वेळात पातळी दिसण्याएवढी उतरली पाहिजे. उतरली नाही, किंवा उलट चढली, तर इंजेक्टर आणि जाळी काढून कोमट पाण्यात धुवायची. तार घालू नका, भोक मोठं झालं की तो तुकडा गेला. एवढं करूनही ओढ नसेल तर आतल्या पिस्टनचे सील झिजलेले असतील. ते पाच वर्षांत झिजणं साहजिक आहे, आणि त्यांचा संच पूर्ण मशीनच्या मानाने किरकोळ किमतीत येतो.

आता टीडीएस मीटरबद्दल. मला रोज विचारला जाणारा प्रश्न आहे हा, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. सॉफ्टनर पाण्यातले क्षार काढत नाही, बदलतो. कॅल्शियमचा एक कण काढला की त्या जागी सोडियमचे दोन सोडतो. वजनाने पाहिलं तर ४०च्या जागी ४६ आले, म्हणजे किंचित वाढच. खिशातला मीटर तर वजन करतच नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघून आकडा दाखवतो. म्हणून उत्तम चाललेल्या सॉफ्टनरच्याही आधी-नंतरच्या आकड्यांत फारसा फरक दिसत नाही. ९१० आणि ९०० यावरून तुमचं मशीन चालू होतं की बंद हे देवालाही सांगता येणार नाही. हार्डनेस मोजायचा थेंबांचा किट मिळतो. बाटलीतल्या पाण्यात रंग टाकला की ते वाइनसारखं लाल होतं, मग एकेक थेंब टाकत निळं होईपर्यंत मोजायचं. किट मिळेपर्यंत दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत बोअरचं, दुसरीत सॉफ्टनरमधून आलेलं पाणी, दोन्हींत साध्या साबणाचे सारखेच थेंब, आणि खळखळून हलवा. शाम्पू किंवा डिटर्जंट नको, साबणच. फेस कुठे धरतो आणि फाटल्या दुधासारखं काय होतं ते पोरंही सांगतील.

कोकणातलं पाणी मऊच, हे तुमचं म्हणणं तुमच्या गावापुरतं लागू नाही. वर दापोलीच्या माळावर, जांभ्यात खणलेल्या विहिरींचं पाणी बहुतेक मऊच असतं. तिथल्या कोणी सॉफ्टनरची चौकशी केली तर मी नको म्हणूनच सांगतो. पण खाली किनाऱ्याला, खोल बोअरला आणि खाडीकाठी गोष्ट वेगळी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. समुद्राच्या पाण्याचा हार्डनेस साडेसहा हजारांच्या आसपास. बोअरमध्ये शंभरात एक भाग जरी समुद्र शिरला तरी ६५ हार्डनेस, साडेतीनशे टीडीएस आणि सुमारे १९० क्लोराइड आयतं वाढतं. माणसं वाढली, पंप मोठे झाले, उन्हाळ्यात उपसा वाढला की खाडी आत सरकते.

आणि इथे सॉफ्टनर हात टेकतो. पाणी मचूळ लागत असेल तर त्याला सॉफ्टनर कधीच गोडं करणार नाही, नवा घ्या की जुना. तुम्ही चवीबद्दल काही लिहिलं नाहीत, पण ९१० टीडीएस म्हटल्यावर मला शंका आहे. रत्नागिरीत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे, तिथे क्लोराइड, हार्डनेस आणि लोह एवढं तरी तपासून घ्या.

लोह मुद्दाम म्हटलं, कारण ते तांबूस डाग. पांढरा थर हार्डनेसचा, तांबूस डाग लोहाचा, या दोघांची गल्लत करू नका. आपला जांभा मुळात लोहानेच लाल. बोअरमधून निघताना पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, हवा लागली की तासाभरात पिवळट होतं. असं लोह रेझिनवर चिकटून बसतं आणि साध्या मिठाने सुटत नाही. तुमचं रेझिन खरंच आजारी असेल तर याने, वयाने नव्हे. हेड उतरवून मूठभर दाणे बाहेर काढा. मधाच्या रंगाचे असतील तर ठीक. विटकरी किंवा चहाच्या चोथ्यासारखे झाले असतील तर लोह बसलंय. रेझिन क्लीनर म्हणून पावडर मिळते, तिने एकदोनदा धुऊन बऱ्याच अंशी सुधारतं. मग सॉफ्टनरच्या आधी लोहाचा फिल्टर बसवायचा, नाहीतर दोन वर्षांनी तेच दुखणं. दाणे बोटात दाबून पिठासारखे चुरडत किंवा मऊ लागत असतील तर मात्र रेझिन बदलाच. क्लोरीनने असं होतं. सामायिक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर अंदाजे, घमेल्याने टाकली जाते, ते पाणी थेट रेझिनवर गेलं तर दहा वर्षं विसरा.

खाऱ्या वाऱ्याबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते शब्दशः खरं आहे, फक्त तो वारा यंत्राच्या कुठल्या भागाला लागतो ते बघा. रेझिन पाण्यात बुडालेलं, टाकी फायबरची. त्यांना वारा काय करणार? फायबरची टाकी उन्हापासून जपली तर पंधरा-वीस वर्षं सहज जाते. मरतो तो सर्किट बोर्ड, अडॅप्टरची पिन, पंपाचे नटबोल्ट. शिवाय आपली वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर दापोली-मंडणगडात किती दिवस अंधार होता ते तुम्हाला सांगायला नको. साध्या पावसातही वीज दिवसातून चारदा जाते. ज्या हेडमध्ये बॅटरी नाही त्याचं घड्याळ दर वेळी मागे पडतं, आणि रात्री दोनला व्हायचं रीजनरेशन ऐन सकाळी आंघोळीच्या वेळी सुरू होतं. लोक म्हणतात मशीन बिघडलं, नळाला खारं पाणी आलं. घड्याळ लावलं की झालं. मला विचाराल तर किनाऱ्याला हाताने फिरवायचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच बरा. जळायला आत काही नाही.

चाकरमान्यांच्या बंद घरांचं एक सांगायचं राहिलं. मे महिना संपला की टाकी रिकामी करून जाऊ नका. वाळलेल्या दाण्यांवर गणपतीला एकदम साधं पाणी सोडलं की ते फुगून तडकतात. पाणी आत राहू द्या, आल्यावर एक रीजनरेशन करून मगच नळ उघडा. वाळलंच असेल तर आधी घट्ट मिठाचं पाणी भरून रात्रभर ठेवायचं.

आणि सॉफ्टनरचं पाणी स्वयंपाकघरात नेऊ नका. ४०० हार्डनेस काढला की लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम येतं, घरात बीपीचं माणूस असेल तर ते कशाला? रीजनरेशनचं पाणीही परसातल्या पोफळी-केळींना जाऊ देऊ नका. माड एकवेळ सोसेल, पोफळ नाही.

तर नवीन मशीन घ्यायचं का? आत्ता नाही. टाकीला तडा असेल, किंवा हेडचे भाग मिळेनासे झाले असतील आणि रेझिनही धुऊन सुधारत नसेल, तर घ्या. यातलं एकच असेल तर तेवढंच बदला. नुसतं रेझिन बदलायचं झालं तर जुनं वाडीत किंवा पऱ्यात ओतू नका, ते कुजत नाही, पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या. मी मशीन विकत नाही, दुरुस्तीची मजुरी घेतो, तेव्हा कमिशनचा जो चिमटा तुम्ही काढलात तो दुसऱ्या कोणालातरी काढा.

साबणाच्या बाटल्यांचं काय झालं आणि मिठाची पातळी उतरली का, ते इथेच खाली लिहा. प्रयोगशाळेचा नमुना मात्र मे महिन्यातला द्या. पावसाळ्यात बोअरला गोडं पाणी मिळतं, तेव्हाचा हार्डनेस बघून मशीनवर आकडा लावलात तर उन्हाळ्यात परत गिझर पांढरा होईल.