नायक गप्प असताना काय करतो?

जुन्या सिनेमातल्या नायकांची चर्चा निघाली की गाडी थेट गाजलेल्या संवादांवर जाते. माझ्या मते नट जोखायचा तो समोरचा बोलत असताना. आणि शक्यतो टू-शॉटमध्ये, दोघंही एकाच चौकटीत असताना. क्लोजअपला क्लोजअप जोडलेल्या सीनमध्ये निम्मं श्रेय संकलकाचं असतं. एका वाक्यावर दिलेली नजर उचलून तो दुसऱ्याच वाक्यानंतर लावू शकतो.

‘ऑन द वॉटरफ्रंट’मधला (१९५४) टॅक्सीचा सीन घ्या. भाऊ पिस्तूल काढतो आणि मार्लन ब्रँडो ते हाताने अलगद बाजूला सारतो. भीती नाही, त्याला भावाची कीव आलेली आहे. लाजवाब. पण भावाचं काम करणाऱ्या रॉड स्टायगरचे क्लोजअप घ्यायच्या वेळी ब्रँडो सेटवरून निघून गेला होता, आणि स्टायगरने ते पुढे कित्येक वर्षं बोलून दाखवलं. पडद्यावर पत्ताही लागत नाही!

म्हणून माझं मत याच सिनेमातल्या हातमोज्याच्या सीनला. बागेत चालताना नायिकेचा, ईव्हा मेरी सेंटचा, मोजा खाली पडतो. ब्रँडो तो उचलतो, त्यावरचा कचरा झटकतो, झोपाळ्यावर बसतो आणि बोलता बोलता तो इवलासा मोजा स्वतःच्या पंजावर चढवतो. तिला निघायचंय, पण मोजा याच्याकडे. मोजा परत देण्याइतका सभ्यपणा आहे, पण द्यायची घाई नाही, हे सगळं त्या हातात दिसतं. तालमीत मोजा चुकून पडला आणि तसाच ठेवला, असं सांगतात. असेल, पण पडलेल्या मोज्याचं काय करायचं हे नटालाच सुचावं लागतं.

जेम्स स्ट्युअर्टचं ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६), टेलिफोनचा सीन. एकच रिसीव्हर, त्याला स्ट्युअर्ट आणि डोना रीड दोघांचे कान. पलीकडून मित्र धंद्याच्या गोष्टी सांगतोय आणि बराच वेळ कॅमेरा या दोघांवरून हलत नाही. स्ट्युअर्टच्या तोंडी जेमतेम हो-नाही. मित्राचं ऐकण्याचा प्रयत्न चालू आहे, पण नजर तिच्या केसांपाशी घुटमळते. नंतर तो तिचे खांदे धरून ओरडतो ते पटतं, कारण आधी तेवढं दाबून धरलेलं आपण पाहिलेलं असतं. ‘रिअर विंडो’मध्ये (१९५४) मात्र हिशेब वेगळा. तिथे तो प्लास्टरमधला पाय घेऊन खुर्चीत, आणि त्याच्या हसण्याचा अर्थ पुढचा शॉट ठरवतो. दिग्दर्शक हिचकॉकने स्वतःच हे समजावलंय: छोट्या कुत्र्याकडे पाहून हसला तर प्रेमळ, तोकड्या कपड्यातल्या बाईकडे पाहून हसला तर चावट. चेहरा तोच.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये (१९५७) हेन्री फोंडा सुरुवातीला सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी उभा असतो. खटल्याचा निकाल ठरवायला एका खोलीत कोंडलेले बाकीचे ज्युरी गोंगाट करतायत, आणि माणूस विचारात आहे हे नुसत्या पाठीवरून कळतं. कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या वर असतो आणि सिनेमा पुढे सरकतो तसा खाली येत जातो, मग छत दिसू लागतं. इतरांचा आवाज चढत असताना फोंडाने आपला चढू दिलेला नाही, म्हणून ती कोंडी टोचते.

आपल्याकडचं एकच नाव घेतो: ‘दो बीघा ज़मीन’मधला (१९५३) बलराज साहनी. कलकत्त्यात रिक्षा ओढायला तो खरोखर शिकला होता. बसलेला गिऱ्हाईक जास्त पैशांचं आमिष दाखवून ‘आणखी जोरात’ म्हणत राहतो आणि साहनी फक्त पळतो. मान पुढे, तोंड उघडं, श्वास वर. त्या सीनमध्ये त्याचे शब्द जवळजवळ नाहीतच.

हे तपासायचं तर सीन आधी नेहमीसारखा बघा, मग आवाज बंद करून, फक्त गप्प असलेल्या माणसाकडे पाहत. कच्चा नट लगेच पकडला जातो: वाक्य यायच्या आधीच छाती फुगते, ओठ हलतात, डोळे वाट बघत थांबतात. तो ऐकत नसतो, पाळी यायची वाट बघत असतो. चांगल्याची पापणीसुद्धा समोरच्याच्या शब्दावर लवते.

प्रतही नीट निवडा. १९५३ च्या आधीचे बहुतेक सिनेमे जवळपास चौकोनी चौकटीतले. टीव्हीचा पडदा भरावा म्हणून ते वरून-खालून कापले की पहिले जातात ते हात. आणि डब केलेली प्रत तर नकोच, त्यात श्वास दुसऱ्याचा असतो.