आयत्या बिळावरचा नागोबा जेरी नव्हे

एक क्लिप गेली काही वर्षं फिरून फिरून माझ्यापर्यंत येते. मामेभावाने तर ती स्टेटसलाच लावली होती. 'रिक अँड मॉर्टी'मधला म्हातारा शास्त्रज्ञ रिक आपल्या जावयाला, जेरी स्मिथला, तोंडावर सुनावतोय. सांगण्याचा मथितार्थ असा : तू सावज असल्याचं सोंग करतोस, पण आहेस शिकारी. लोकांना तुझी दया येते आणि त्या दयेवर तू जगतोस. कुणी दयेपोटी नोकरी देतं, कुणी दयेपोटी लग्न करतं. क्लिपखाली ठरलेला मजकूर असतो. जेरी हे बांडगूळ आहे, त्याने बेथचं आयुष्य वाया घालवलं, तो भित्रा आहे, बाप म्हणून शून्य आहे, आणि तो घराबाहेर पडला तेव्हा कुठे घर ताळ्यावर आलं. शेवटी तात्पर्य : आयुष्यात काहीही व्हा, जेरी होऊ नका.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या अ‍ॅडल्ट स्विम वाहिनीवर २ डिसेंबर २०१३ला ही कार्टून मालिका सुरू झाली. दारूत बुडालेला, पण विश्वातला सगळ्यात हुशार म्हणावा असा रिक कित्येक वर्षांच्या गैरहजेरीनंतर मुलीच्या घरी येतो, गॅरेजमध्ये प्रयोगशाळा थाटतो आणि नातू मॉर्टीला घेऊन ग्रहांवर, समांतर विश्वांत भटकत राहतो. मुलगी बेथ घोड्यांची सर्जन. नात समर. आणि जावई जेरी, ज्याला क्रिस पार्नेलचा आवाज आहे. 'आर्चर' या दुसऱ्या कार्टून मालिकेतल्या सिरिल फिगिसलाही याच पार्नेलचा आवाज, तेव्हा पडेल चेहऱ्याच्या पुरुषांसाठी घशाची ठेवणच वेगळी असावी, असं मला कधीकधी वाटतं.

आता आरोपांकडे येऊ.

बांडगुळाचा आरोप आधी घेतो, कारण त्याचं मला सगळ्यात जास्त हसू येतं. दुसऱ्याच्या झाडावर मुळं रोवून त्याचा रस पिणारं ते बांडगूळ. मग या घरात न विचारता येऊन बसलंय कोण? गॅरेज कुणाचं आणि त्यात बॉम्ब कोण बनवतं? जेवायला वेळेवर हजर राहून घरमालकालाच मूर्ख कोण म्हणतं? आपल्याकडे याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. जुन्या लोकांनी 'जामाता दशमो ग्रहः' म्हणून जावयाला ग्रहांत बसवलं खरं, पण त्यांनी हा सासरा पाहिला नव्हता.

राहिली नोकरी. मालिका सुरू होते तेव्हा जेरी जाहिरात कंपनीत कामाला असतो. ती नोकरी जाते पहिल्या सीझनच्या चौथ्या भागात. रिककडून एक गुपित काढून घ्यायला काही परग्रहवासी त्याला यंत्राने चालवलेल्या पृथ्वीच्या खोट्या प्रतिकृतीत कोंडतात आणि जेरी चुकून त्यात सापडतो. त्याच्या वाट्याला यंत्राची जेमतेम पाच टक्के ताकद येते. त्यामुळे रस्त्यावर तीच तीच माणसं पुन्हा दिसतात, रेडिओवर 'ह्यूमन म्युझिक' नावाची नुसती टुकटुक वाजते. जेरीला ती आवडते. सफरचंदांच्या जाहिरातीसाठी 'हंग्री फॉर अ‍ॅपल्स?' ही त्याची ओळ तिथे गाजते, बक्षीस मिळतं, आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस म्हणून तो हरखून जातो. तीच ओळ खऱ्या जगात साहेबांपुढे ठेवतो आणि घरी पाठवला जातो. ओळ भिकार आहे, मान्य. पण तो सापळा जेरीसाठी लावलेला नव्हता. सासऱ्याच्या शत्रूंनी सासऱ्यासाठी लावलेल्या सापळ्यात जावयाचं पोट गेलं, आणि पुढे तोच सासरा त्याला बेकार म्हणून हिणवतो.

दुसरा आरोप, बेथचं आयुष्य वाया गेलं हा. मुलीला चांगली स्थळं असती, पण शाळेच्या शेवटच्या वर्षी, प्रॉमच्या म्हणजे निरोपाच्या नाच-पार्टीच्या रात्री दिवस गेले आणि संपलं, असं रिकचं म्हणणं. टाळी एका हाताने वाजत नाही, एवढंच म्हणून मी पुढे गेलो असतो. पण या प्रश्नाचं उत्तर मालिकेने स्वतःच एका अख्ख्या भागात देऊन ठेवलंय आणि क्लिप फिरवणारे नेमकं तेच विसरतात.

पहिल्या सीझनचा आठवा भाग, २०१४चा. रिक घरातल्यांना एक चष्मा देतो. तो घातला की समांतर विश्वांतलं आपलं आयुष्य दिसतं. समर जन्मलीच नाही, लग्न झालंच नाही, अशा विश्वात बेथ माणसांची सर्जन झालेली असते, तिला हवी होती तशीच. आणि जेरी? जेरी चित्रपटातला मोठा नट झालेला असतो. पैसा, प्रसिद्धी, सगळं. म्हणजे हिशोबच मांडायचा तर दोघांच्याही ताटातलं गेलं, आणि जेरीच्या ताटात पक्वान्न जरा जास्तच होतं. तरी 'माझं आयुष्य तुझ्यामुळे गेलं' हे वाक्य एकट्या बेथच्या नावावर जमा होतं.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. त्या विश्वातली यशस्वी बेथ घरात एकटी, सोबतीला पक्षी आणि वाईनचा ग्लास. आणि तो नट जेरी अर्ध्या कपड्यांत एका स्कूटरवर निघतो. स्कूटर पळते चालत्या माणसाच्या वेगाने, मागे पोलिसांचा ताफा, वर टीव्हीवाले. तो थेट तिच्या दाराशी येतो आणि तुझ्यावाचून माझं चुकलं असं सांगतो. इकडे आपल्या विश्वात, वेगळं होण्याच्या बेतात असलेले बेथ आणि जेरी हे टीव्हीवर बघत उभे असतात. लेखकांना जेरीने बेथला नासवलं असं म्हणायचं असतं, तर हा प्रसंग त्यांनी कशाला लिहिला असता?

बेथच्या मनातलं जे पोखरलेपण आहे ते जेरीच्या आधीचं आहे. बाप निघून गेला. तो परत आल्यापासून, हा पुन्हा जाईल या धास्तीने ती त्याच्या प्रत्येक अत्याचारावर पांघरूण घालते. तिसऱ्या सीझनच्या नवव्या भागात कळतं की लहान बेथ इतकी भयंकर होती की आसपासच्या पोरांचा जीव वाचावा म्हणून रिकने तिच्यासाठी एक अख्खं खेळण्यांचं विश्व बनवून दिलं होतं. मुलीजवळ बसण्यापेक्षा विश्व बनवून देणं त्याला सोपं वाटलं. त्या पोरीचं पुढे काय झालं याचा जाब तो प्रॉमला आलेल्या एका पोराकडे मागतो.

(पुढच्या सीझनांत तर असं निघालं की हा रिक या बेथचा जन्मदाता बापच नव्हे, दुसऱ्या विश्वातून आलेला आहे. मॉर्टीही बाहेरचा. आणि सहाव्या सीझनच्या सुरुवातीला जेरीही बाहेरचा निघाला. दुसऱ्या सीझनमध्ये जेरी लोकांना सांभाळायचं एक पाळणाघर दाखवलंय, वेगवेगळे रिक आपापले जेरी तिथे ठेवून जातात. तिथे अदलाबदल झाली होती. त्यामुळे 'जेरीने बेथचं वाटोळं केलं' म्हणणाऱ्याने आधी कोणता जेरी आणि कोणती बेथ, ते सांगावं.)

भित्रेपणाबद्दल मी फार भांडणार नाही. जेरी भित्रा आहे. तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात, म्हणजे ही क्लिप ज्या भागातली आहे त्याच भागात, तो रिकला मारायच्या कटात सामील होतो आणि ऐनवेळी कच खाऊन सगळा कट उधळतो. मला विचाराल तर खून करायला निघालेल्या माणसाने कच खाल्ली, हे चांगलंच झालं. पण ते जाऊ दे. पहिल्या सीझनचा सहावा भाग आठवा. रिकने केलेलं वशीकरणाचं औषध साथीसारखं पसरतं, आधी सगळे लोक खंडोबाच्या किड्यासारखे होतात, मग मांसाचे ओंगळ गोळे. तेव्हा जेरी बंदूक उचलतो, वाटेत येईल त्याला उडवत बेथपर्यंत पोचतो आणि तिला सोडवून आणतो. त्याच वेळी रिक काय करतो? मॉर्टीला घेऊन ते जग तसंच टाकून पळून जातो, दुसऱ्या विश्वात, जिथे ते दोघं नुकतेच मेलेत. स्वतःची प्रेतं मागच्या अंगणात पुरतात आणि रिकाम्या जागेवर जाऊन बसतात. मागे राहिलेल्या त्या सडक्या जगात जेरी, बेथ आणि समर तिघं एकत्र राहतात. आनंदात राहतात, हे मालिकेनेच दाखवलंय.

बाप म्हणून शून्य, हा आरोप खोडायला पहिला भाग पुरेसा आहे. मॉर्टी शाळेत जातच नाही, आजोबा त्याला उचलून नेतात, हे कळल्यावर घरातला एकच माणूस म्हणतो की हे बरोबर नाही, या म्हाताऱ्याला वृद्धाश्रमात ठेवू. तो जेरी. तुमच्या शेजारी कुणाचा सासरा नातवाला शाळा बुडवून गुन्हेगारांच्या गोळीबारात नेत असता, तर तुम्ही काय सुचवलं असतं? रिक मग मॉर्टीच्या तोंडून अवघड गणितं आणि विज्ञानाचे नियम वदवून घेतो, पोरगं किती शिकलं बघा म्हणून सगळ्यांना गप्प करतो, आणि थोड्याच वेळात मॉर्टी जमिनीवर तडफडत पडतो. ती हुशारी परग्रहावरच्या बियांची होती, तात्पुरती. त्या बिया त्याने तस्करीसाठी शरीरात कुठे लपवून आणल्या होत्या ते इथे लिहीत नाही.

आणि प्लूटो. हा माझा आवडता साक्षीदार. २४ ऑगस्ट २००६ला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटू ग्रह ठरवलं. पहिल्या सीझनच्या नवव्या भागात जेरी मुलाला विज्ञानाच्या प्रकल्पात मदत करायला बसतो आणि प्लूटो ग्रहच आहे म्हणून हट्टाला पेटतो. हे निव्वळ अडाणीपण आहे, मी त्याची बाजू घेत नाही. प्लूटोवासीयांना मात्र असा माणूस हवाच असतो. ते बापलेकांना उचलून नेतात, राजा जेरीला डोक्यावर घेतो, गर्दी जयजयकार करते. खरा प्रकार असा की खाणी खणून खणून प्लूटो आतून पोकळ होतोय, आकसतोय, आणि हे सांगणाऱ्या शास्त्रज्ञाला राजा कैदेत टाकतो. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कौतुक मिळालेला हा माणूस त्या गर्दीसमोर उभा राहून म्हणतो की प्लूटो ग्रह नाही. लोक त्याची हुर्यो करतात. आपण चुकलो हे त्याने चारचौघांत कबूल केलं, तेही मुलगा बघत असताना. विश्वातल्या सगळ्यात हुशार माणसाला हे किती वेळा जमलंय, मोजून सांगा.

जेरीच्या पदरात दोष कमी नाहीत. कुत्र्याला अक्कल द्या म्हणून त्याने हट्ट धरला आणि कुत्र्यांनी बंड केलं. गोल्फमधले दोन फटके कमी करायला साधा मदतनीस मागितला आणि त्याच्या ढिलाईपायी मिसीक्स नावाच्या त्या निळ्या मदतनिसांची फौज एका हॉटेलात लोकांना ओलीस धरून बसली. रडतो फार, स्वतःची कीव फार करतो. रिकचं निरीक्षण तेवढ्यापुरतं खरं आहे. पण रडका असणं आणि शिकारी असणं यांत फरक आहे, आणि तो फरक पुसण्यात रिकचा स्वार्थ आहे.

कारण शेवटचा आरोप, जेरी गेल्यावर घर सुधारलं हा. १ एप्रिल २०१७ला आलेला तिसऱ्या सीझनचा पहिला भाग पुन्हा बघा. जेरी बेथला म्हणतो, तो किंवा मी. बेथ बापाची बाजू घेते, घटस्फोट ठरतो. मग गॅरेजमध्ये रिक मॉर्टीसमोर सगळं ओकतो : तुझा बाप मला सरकारच्या हवाली करा म्हणाला, माझ्या आडवा आला, म्हणून मी त्याचा काटा काढला, आता या घराचा कर्ता पुरुष मी. 'तू शिकारी आहेस' हे भाषण त्यानंतर चारच भागांनी येतं. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच म्हातारा, आणि त्याचा निकाल लोक स्टेटसला लावतात.

बरं, घर सुधारलं म्हणजे काय झालं? लगेच पुढच्या भागात रिक दोन्ही पोरांना एका उद्ध्वस्त जगात मारामाऱ्या करायला नेतो आणि बेथला कळू नये म्हणून घरी तिघांच्या जागी यंत्रमानव ठेवून जातो. त्याच्या पुढच्या भागात मॉर्टीने वर्गात लघवी केलेली असते, समर मातीकामाच्या वर्गात इनॅमल हुंगताना सापडलेली असते, आणि शाळा सगळ्यांना समुपदेशकाकडे पाठवते. कर्ता पुरुष तिथे जायला लागू नये म्हणून स्वतःला लोणच्यातली काकडी करून घेतो. मोटेलवर राहणाऱ्या बेकार बापाला भेटायला जावं असं समरला वाटतं, ते याच काळात.

त्या सीझनचा शेवटचा भाग १ ऑक्टोबर २०१७चा. आपण खरी की बापाने ठेवलेली नक्कल, या भीतीने हैराण झालेली बेथ कुणाकडे जाते, तर जेरीकडे. रिक अमेरिकेच्या अध्यक्षाशी मारामारी करतो, मग माशाच्या गळाची टोपी घालून, मी दुसराच रिक आहे असं सोंग आणून तह करतो, ते घरी परतता यावं म्हणून. घरी जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसलेत, मधे जेरीही आहे. बेथ म्हणते, आता पहिल्यासारखंच होणार सगळं. सगळे खुशीत. तोंड पाडून बसलेला एकटाच, तो म्हातारा.