डब्लिनचे नगरसेवक व्हायचंय? आधी गुत्ता काढा

गेल्या महिन्यात आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. फोटो काढून घरमालकांना पाठवला. उत्तर आलं, 'खिडकी उघडी ठेवा आणि फोडण्या जरा कमी करा.' डब्लिनात, जानेवारीत, खिडकी उघडी! त्या तिरमिरीत रविवारी हेन्रिएटा स्ट्रीटवरचं भाड्याच्या खोल्यांचं संग्रहालय बघून आलो आणि चूक माझीच आहे हे पटलं. भाडेकरू होण्यापेक्षा मालक व्हावं, मालकापेक्षा मालक-नगरसेवक.

तेव्हा हा सल्ला. काळ १९०० ते १९१४ धरा. महापालिकेत जागा ८०, आणि त्यातल्या काहींची निवडणूक दर जानेवारीत, आपल्या संक्रांतीच्या सुमाराला. यंदा पडलात तर फार मनाला लावून घेऊ नका.

पहिलं म्हणजे दारूचा गुत्ता काढा. १९०२ साली वुड क्वे वॉर्डात जेम्स कॉनली उभा राहिला. समाजवादी माणूस, हातात नुसती पत्रकं; एक तर वॉर्डातल्या ज्यू मतदारांसाठी यिद्दिश भाषेत छापलेलं. समोर पॅट्रिक स्ट्रीटचा गुत्तेवाला. निकाल: गुत्तेवाला १,४२४, कॉनली ४३१. पुढच्या वर्षीच्या पत्रकात कॉनली लिहितो की आदल्या दिवसापासून गुत्त्यांवर दारू फुकट वाहत होती, आणि कॉनली आला तर भाडं वाढेल अशी तंबी भाडेकरूंना मिळाली होती. १९०३ च्या त्या निवडणुकीत त्याला २४३ मतं पडली. पत्रकं काढण्याचा हा फायदा.

समाजवादी म्हणजे देव न मानणारा, एवढं वॉर्डात कुजबुजून ठेवा.

एवढं करूनही भलताच कोणी निवडून आलाच, तर त्याचा जुना खटला उकरा. १९१२ मध्ये कामगारांचा पुढारी जिम लार्किन आला होता. जुन्या शिक्षेवर बोट ठेवलं, पद गेलं.

पैसा झाला की रॅथमाइन्स या उपनगरात राहायला जा. तिथली नगरपालिका वेगळी, शहराच्या कराची कटकट नाही.

आणि मुख्य म्हणजे घरं घ्या. उमरावांनी सोडून दिलेला एखादा जुना वाडा बघा. दिवाणखान्यात फळ्या ठोकून एकाच्या चार खोल्या पाडा, खोलीला एक बिऱ्हाड. नळ एकच, तोही मागच्या अंगणात. संडासही तिथेच, सगळ्या घराला मिळून. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाईने पाण्याची बादली घेऊन सगळे जिने चढायचे आणि घाण पाणी घेऊन तेवढेच उतरायचे. १९११ च्या जनगणनेत हेन्रिएटा स्ट्रीटच्या १४ नंबरात १०० माणसं होती. पुढे सरकारी चौकशी समितीला एका घरात ९८ सापडली. शहरात २०,१०८ कुटुंबं एकेका खोलीत! घर नीट राखलं तर करात सवलत, असा नियम होता. ती न राखलेल्या घरांनाही मिळत होती, आणि त्यात नगरसेवकांची घरंही होती. का नाही मिळणार? डझनाहून जास्त नगरसेवक स्वतःच अशा घरांचे मालक. तपासायला येणारा माणूस पगार कोणाचा खातो? तो भिंतीला पडलेली भेग बघणार की साहेबांचं तोंड?

२ सप्टेंबर १९१३ च्या रात्री चर्च स्ट्रीटवर अशी दोन घरं कोसळली. सात माणसं गेली. त्यात एक १७ वर्षांचा पोरगा होता. भावंडांना बाहेर काढून धाकट्या बहिणीसाठी तो पुन्हा आत गेला होता.

इथे कसला सल्ला द्यायचा?

पुरे झाली थट्टा. आता तुमच्याशी बोलतो, डब्लिनच्या मराठी मंडळींशी. तिळगुळाच्या कार्यक्रमात मी बुरशीचा विषय काढला तर अर्ध्या हॉलने आपापले फोन काढून फोटो दाखवले. कोणाचं बाथरूम, कोणाच्या बाळाच्या पाळण्यामागची भिंत. मग विचारलं, ७ जून २०२४ च्या नगरपालिका निवडणुकीत मत दिलंत का? 'आपल्याला कुठे असतं मत इथे?' अहो, असतं! पासपोर्ट कुठलाही असो, इथे राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला नगरपालिकेचं मत आहे. दहा दहा वर्षं इथे राहताय, किराणा कुठे दोन युरोंनी स्वस्त मिळतो ते तोंडपाठ आहे, आणि हे माहीत नाही? वुड क्वेच्या भाडेकरूचं मत घ्यायला गुत्तेवाल्याला निदान दारू तरी पाजावी लागली. तुमच्या दाराशी कोणी रिकामा पेलासुद्धा घेऊन आलं नाही, तरी तुम्ही गप्प घरी बसलात.

मतदार यादीत नाव ऑनलाइन घालता येतं. घाला, आणि मग मला बुरशीचे फोटो पाठवा.