शाळा आमची म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा.

आमच्या गावातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ ग्रुपवर आला. संस्थाचालक माइकवरून सांगतायत, "शाळा आमच्या आजोबांनी काढली. जागा आमची, इमारत आमची. सरकारने आम्हाला काय शिकवावं?" आणि समोर टाळ्या. टाळ्या वाजवतंय कोण, तर शिक्षक. शाळा शंभर टक्के अनुदानित! मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची पगारबिलं दर महिन्याला शालार्थ या सरकारच्या ऑनलाइन पगार-प्रणालीवर जातात आणि पगार सरकारी तिजोरीतून येतो. तेव्हा कुणाला आजोबा आठवत नाहीत.

माझी भाची याच शाळेत आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर वापरते. आठवीपर्यंत वर्ग तळमजल्यावर होता, नववीला तो वर गेला. ताई जूनमध्ये भेटायला गेली तर उत्तर मिळालं, "मॅडम, आमच्याकडे सोय नाही हो. विशेष शाळा का बघत नाही? तिलाच बरं पडेल." ताईने काय लिफ्ट मागितली होती? नववीची एक तुकडी खाली आणा, एवढंच म्हणाली होती.

"तिलाच बरं पडेल." या वाक्याचा मला भयंकर राग येतो. आजवर ज्याला ज्याला दारातून परत पाठवलं, त्याच्या भल्यासाठीच पाठवलं असणार.

सरकारी पैसा घेतलात की दार सगळ्यांना उघडं ठेवावं लागतं, ही काय कालपरवाची फॅशन नाही. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. प्रकरण पार वरपर्यंत गेलं, आणि 1858 मध्ये मुंबई सरकारने जाहीर केलं की पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या राहतील, आणि जात किंवा वंश बघून कुणाला शिक्षण नाकारणाऱ्या अंशतः अनुदानित शाळेची मदत थांबवायचा पूर्ण हक्क सरकार राखून ठेवतं. वाचून बरं वाटलं ना? आता खोच बघा. त्याच निवेदनात असंही होतं की जिथे वर्गणी देणाऱ्या स्थानिक मंडळींचा विरोध आहे, तिथे अशी मुलं घुसवायचा सरकारचा विचार नाही. हक्क राखून ठेवला, आणि नीट घडी घालून कपाटात ठेवला.

मग 4 ऑगस्ट 1923. रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळं खुलं केलं, कागदावर. प्रत्यक्षात काय होतं ते 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं, त्यावरून कळतंच. पण मला त्यातलं 1926 जास्त महत्त्वाचं वाटतं. तीन वर्षांत काही हललं नाही म्हणून बोल्यांनी त्या साली दुसरा ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्ड पहिला ठराव अंमलात आणत नाहीत त्यांचं अनुदान रोखा. बोल्यांना माणसं बरोबर कळली होती. भाषणाने कुणी कुलूप काढत नाही, ग्रँट अडली की किल्ली सापडते.

मग संविधान आलं. कलम 29(2) सांगतं की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कुणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही. यात दिव्यांगत्व नाही, हे आमच्या एका वकील मित्राने लगेच सुनावलं. बरं बाबा, नाही. म्हणून तर 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्याचं कलम 16 सरकारने निधी किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांबद्दलच आहे: भेदभाव न करता प्रवेश, वावरता येईल अशी इमारत, गरजेप्रमाणे वाजवी सोय. वर्ग खाली आणणं ही वाजवी सोय नाही, तर मग काय आहे? आणि मोडलं तर काय? पहिल्या वेळेला 10,000 रुपयांपर्यंत दंड. संस्थेच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवालाही जास्त लागतात.

हो, माहितीये. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाचा पैसा, वेळेवर मिळत नाही, इमारती जुन्या आहेत, शिक्षकांच्या मागे शंभर ऑनलाइन कामं आहेत. मान्य. पण तुकडी खाली आणायला कुठलं अनुदान लागतं?

आणि रॅम्प! शाळेला रॅम्प आहे बरं का. यू-डायसच्या, म्हणजे शाळा सरकारला भरून देतात त्या माहितीत 'रॅम्प आहे' असंच भरलं असणार, आणि ते खोटंही नाही. तो ऑफिसच्या बाजूला आहे, त्यावर शिक्षकांच्या स्कूटी लावलेल्या असतात आणि वरचं दार बंद असतं. तपासणीला येणारे साहेब पटसंख्या मोजतात, संचमान्यता (किती शिक्षक मंजूर ते) बघतात, एकेक व्हाउचर चाळतात. शाळेचं पोर वर्गापर्यंत पोचतं का, हे त्यांच्या कुठल्याच रकान्यात नाही. पैशाचा हिशोब काटेकोर आणि ज्या अटीवर पैसा दिला तिचा हिशोब शून्य. माझं सगळं भांडण एवढंच आहे.

ताईने शेवटी काय केलं सांगते. दुसऱ्यांदा गेली आणि शांतपणे म्हणाली, "सोय नाही हे शाळेच्या लेटरहेडवर लिहून द्या, मी दिव्यांग आयुक्तांकडे पाठवते." लेटरहेड काही मिळालं नाही. पण गणपतीच्या सुट्टीनंतर नववी अ खाली आली आणि स्टाफरूम वर गेली. 'या वर्षापुरतं' असं तोंडी बजावून.

भाची मात्र खूश नाही. स्टाफरूम वर गेल्यापासून एक बाई तिला म्हणतात, "तुझ्यामुळे आमचे गुडघे गेले." गमतीत म्हणतात, बाई वाईट नाहीत, शिकवतातही छान. आणि त्यांचे गुडघे खरंच दुखत असतील, त्यांच्यासाठीही कुणी विचार केलेला नाहीच. पण चौदा वर्षांची पोरगी घरी येऊन आईला विचारते, "मी दुसऱ्या शाळेत जाऊ का?" इथे माझा राग संपतो आणि काय बोलावं सुचत नाही.

कमेंटमध्ये 'संस्थांनी खेड्यापाड्यात शिक्षण नेलं' हे कुणी लिहू नका. नेलं, ठाऊक आहे, मीही अशाच शाळेत शिकले.

पुढच्या वर्षी दहावी, आणि प्रयोगशाळा वरच आहे. या वेळी ताई तोंडी काही बोलणार नाही, अर्ज देऊन पोच घेणार आहे. सोबत माहिती अधिकारात शाळेच्या अनुदानाच्या अटी आणि शेवटचा तपासणी अहवाल मागवायचाय. कुणी असा अर्ज केला असेल तर नमुना इनबॉक्स करा. मराठीतला हवा.